मॉडेल हेलिकॉप्टरच्या हवाई कसरती : आकर्षण, तंत्र आणि शिकण्याचा क्रम

रेडिओ संदेशांवर चालणाऱ्या मॉडेल विमानांच्या छंदात हेलिकॉप्टरचे स्थान वेगळे आहे. कारण विमानाला हवेत टिकून राहण्यासाठी सतत पुढे जावे लागते, तर हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगू शकते, मागे जाऊ शकते, आडवे सरकू शकते आणि रचना त्या दृष्टीने केलेली असेल, तर पोट आकाशाकडे व रोटर जमिनीकडे करून तितक्याच स्थिरपणे उभे राहू शकते. या शेवटच्या क्षमतेतून हवाई कसरतींचा जो प्रकार विकसित झाला, त्याला या छंदात ‘थ्रीडी उड्डाण’ म्हणतात. त्यात मॉडेल सुलटे, उलटे, उभे, आडवे, पुढे वा मागे अशा कोणत्याही स्थितीतून कोणत्याही दिशेला नेले जाते. अशा कसरती यंत्राला कशामुळे जमतात, त्यांची ओढ नेमकी कशात आहे आणि त्या शिकू पाहणाऱ्याने कोणत्या क्रमाने पुढे जावे, याचे विवेचन येथे केले आहे.

यंत्र उलटे कसे उडते

मुख्य रोटरची पाती फिरताना हवेला ज्या कोनात कापतात, त्या कोनाला ‘पिच’ म्हणतात. सर्व पात्यांचा पिच एकदम सारखाच वाढवला किंवा घटवला की रोटरचा उचलणारा जोर कमी-जास्त होतो; हे झाले ‘कलेक्टिव्ह’ नियंत्रण. पाते एका फेऱ्यात एका बाजूला जास्त आणि समोरच्या बाजूला कमी कोनात राहील अशी व्यवस्था केली की रोटरची चकती कलते आणि तिच्याबरोबर मॉडेल पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे झुकते. हे ‘सायक्लिक’ नियंत्रण होय. त्यातील पुढे-मागे कलवणाऱ्या भागाला ‘एलिव्हेटर’ आणि डावी-उजवीकडे कलवणाऱ्या भागाला ‘एलेरॉन’ अशी विमानांच्या परिभाषेतील नावे रूढ झाली आहेत. शेपटीवरचा लहान रोटर मॉडेलचे नाक डावी-उजवीकडे वळवतो आणि त्या नियंत्रणाला ‘रडर’ म्हणतात. कलेक्टिव्ह आणि सायक्लिकच्या आज्ञा मुख्य पात्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम ‘स्वॉशप्लेट’ करते. ती रोटरच्या दांड्याभोवती बसवलेली दुपदरी चकती असून तिचा खालचा भाग स्थिर राहतो, वरचा भाग पात्यांबरोबर फिरतो आणि तिला तीन सर्वो, म्हणजे संदेशानुसार ठरावीक कोनात वळणाऱ्या छोट्या मोटारी, वर-खाली करतात.

कसरतींसाठीच्या मॉडेलमध्ये पात्यांचा पिच शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच, साधारणपणे अधिक १२ ते उणे १२ अंशांपर्यंत, नेता येतो आणि पात्याचा आडवा छेद वरून-खालून सममित असतो. त्यामुळे रोटरला ‘वर’ आणि ‘खाली’ यांत फरक उरत नाही. अधिक पिचवर तो मॉडेलला एका दिशेने जितक्या जोराने ओढतो, तितक्याच जोराने उणे पिचवर विरुद्ध दिशेने ढकलतो. माणसे वाहून नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये असे नसते, कारण त्याचा उणे पिच अगदी मर्यादित असतो आणि लांब, लवचिक पाती विरुद्ध दिशेचा मोठा जोर सहन करण्यासाठी घडवलेली नसतात. बिजागरी नसलेल्या ताठ रोटरमुळे जर्मन बनावटीचे बीओ १०५ हेलिकॉप्टर लूप, म्हणजे उभ्या वर्तुळातला फेरा, घेऊ शकते आणि हवाई प्रदर्शनांत ते पाहायलाही मिळते, परंतु उलट्या स्थितीत तरंगत राहणे त्यालाही शक्य नाही. मॉडेलचे वजन आकाराच्या मानाने फार कमी, पाती कार्बन तंतूंची ताठ आणि इंजिनाची शक्ती वजनाच्या तुलनेत प्रचंड, म्हणून मोठ्या यंत्राला जे साधत नाही ते लहान यंत्राला साधते.

या प्रकाराची जडणघडण

१९७० च्या सुमारास जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी खऱ्या अर्थाने ताब्यात राहणारे रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर घडवले आणि त्यांच्या संचांमुळे हा छंद सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला. पुढे उलटे उडणे सुरू झाले, तेव्हा त्यासाठी ट्रान्समीटरवर एक खास बटण असे आणि मॉडेल उलटे होताच ते दाबून नियंत्रणांची दिशा बदलली जाई. अमेरिकेचे कर्टिस यंगब्लड आणि त्यांच्या पिढीतील चालकांनी हे बटण बाजूला ठेवून एकाच सलग पिचपट्ट्यात सुलटे व उलटे उड्डाण करण्याची रीत रुजवली आणि त्यातून आजच्या कसरतींचा पाया घातला गेला.

त्यानंतरचा मोठा बदल स्थिरकाच्या बाबतीत झाला. पूर्वी रोटरला काटकोनात एक आडवी सळई आणि तिच्या टोकांना छोटी वल्ही असत. ही ‘फ्लायबार’ रोटरला यांत्रिक स्थैर्य देई, पण त्याचबरोबर त्याची चपळाईही खाई. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक जायरो स्वस्त व विश्वासार्ह झाल्यावर सळई गेली आणि तिचे काम तीन अक्षांवरील फिरण्याचा वेग सतत मोजणाऱ्या ‘फ्लायबारलेस’ नियंत्रकाकडे आले. जर्मनीच्या मिकाडो कंपनीची व्हीबार ही प्रणाली या बदलातील आघाडीचे नाव होय. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने मॉडेल हेलिकॉप्टरसाठी ठेवलेल्या स्पर्धांमध्ये एफ३सी हा वर्ग काटेकोर, आखीव कसरतींचा आहे, तर एफ३एन या वर्गात ठरावीक कसरतींबरोबर मुक्त उड्डाण आणि संगीतावर बांधलेले उड्डाणही असते.

आकर्षण नेमके कशात आहे

पाहणाऱ्याला या कसरतींतील वेग आणि आवाज दिसतो, पण चालकाला बांधून ठेवणारी गोष्ट निराळी असते. कॅमेरा वाहून नेणाऱ्या सामान्य ड्रोनचे नियंत्रण सोडले तर तो स्वतःच सपाट होऊन जागी थांबतो. कसरतीचे हेलिकॉप्टर तसे करत नाही. फ्लायबारलेस नियंत्रक वाऱ्याचा झोत परतवतो आणि दिलेला कोन टिकवतो, परंतु मॉडेल तिरपे सोडले तर ते तिरपेच राहते आणि त्या दिशेने घसरत जाते. याचा अर्थ असा की, उड्डाणाच्या प्रत्येक क्षणी मॉडेल जेथे आहे आणि ज्या स्थितीत आहे, ते सर्वस्वी चालकाने घेतलेल्या निर्णयामुळे आहे. नकळत घडलेले काहीच त्यात नसते आणि म्हणूनच एखादी कसरत साधली की तिचे श्रेय आणि बिघडली की तिचे कारण, दोन्ही स्पष्ट दिसतात. हा छंद अवघड का आहे याचे उत्तर आणि तो सोडवत का नाही याचे उत्तर एकच आहे.

दुसरे आकर्षण दोन्ही हातांच्या स्वतंत्र पण एकमेकांत गुंतलेल्या कामाचे आहे. भारतात व इतरत्र मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ‘मोड २’ या मांडणीत डाव्या हाताच्या काठीवर कलेक्टिव्ह आणि रडर, तर उजव्या हाताच्या काठीवर एलिव्हेटर आणि एलेरॉन असतात. तबलजीचा डावा हात डग्ग्यावर आणि उजवा तबल्यावर वेगवेगळे काम करत असताना ठेका मात्र एकच उभा राहतो, तसे येथे चारही नियंत्रणे मिळून एक कसरत उभी राहते आणि एक हात जरी मागे पडला तरी ती तत्काळ विस्कटते. तिसरे आकर्षण यंत्राच्या जाणिवेचे आहे: कसरतीचे मॉडेल घेणाऱ्याला ते उघडता, जुळवता आणि दुरुस्त करता यावेच लागते, त्यामुळे यंत्रशाळेत आणि मैदानावर मिळणारे समाधान एकमेकांना पूरक ठरते.

मॉडेलची निवड

मॉडेलचा आकार सामान्यतः मुख्य पात्याच्या मिलिमीटरमधील लांबीवरून ओळखला जातो. ‘४५०’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जुन्या वर्गात पाते प्रत्यक्षात सुमारे ३२५ मिलिमीटरचे असते, तर ‘७००’ वर्गात ते ७०० मिलिमीटरच्या आसपास असते आणि रोटरचा व्यास दीड मीटरहून अधिक भरतो. लहान मॉडेल स्वस्त असते व पडल्यावर खर्च कमी येतो, पण ते वाऱ्याने लवकर हलते, त्याच्या हालचाली झटपट होतात आणि थोडे दूर गेले की त्याची स्थिती डोळ्याला कळेनाशी होते. मोठे मॉडेल संथ, स्थिर आणि दुरूनही स्पष्ट दिसते, मात्र त्याची बॅटरी, पाती आणि चूक यांपैकी प्रत्येक गोष्ट महाग पडते. त्यामुळे नवशिक्याने आधी हातभर लांबीच्या विद्युत मॉडेलवर उलट्या स्थिती पक्क्या कराव्यात आणि नंतर ५०० ते ५५० मिलिमीटर पात्यांच्या मध्यम मॉडेलकडे वळावे. ७०० वर्गातील मॉडेल घ्यायचे ते त्यानंतर, मैदान आणि हात दोन्ही तयार असतील तरच.

तैवानची अलाइन, इटलीची एसएबी, जर्मनीची मिकाडो अशा कंपन्यांची मॉडेले प्रसिद्ध आहेत, पण निवड करताना नावापेक्षा सुट्या भागांची उपलब्धता पाहावी. जमिनीवर आदळलेल्या मॉडेलमध्ये बहुधा मुख्य पाती, मुख्य दांडा, दोन पात्यांना आतून जोडणारी सळई म्हणजे ‘फेदरिंग शाफ्ट’, शेपटीची नळी आणि मोठे दातेरी चक्र एवढे भाग जातात. हे भाग आठवडाभरात हाती येत नसतील, तर मॉडेल कितीही उत्तम असले तरी सराव खंडित होतो. नवे मॉडेल घेतानाच यांचा एकेक संच जवळ ठेवणे शहाणपणाचे ठरते.

उड्डाणापूर्वीची जुळणी

कसरतींमध्ये दोन्ही दिशांना सारखाच प्रतिसाद हवा असल्यामुळे जुळणीतील लहानशी विषमताही हवेत जाणवते. त्यामुळे पुढील क्रम पाळावा. सर्वप्रथम मोटारीच्या तारा सोडवून ठेवाव्यात, म्हणजे जुळणीच्या वेळी रोटर अचानक फिरण्याची शक्यता राहत नाही. त्यानंतर कलेक्टिव्ह काठी बरोबर मध्यावर ठेवून सर्वोंचे हात काटकोनात, स्वॉशप्लेट समपातळीत आणि पात्यांचा पिच शून्य अंशावर आणावा. हा शून्य बिंदू चुकला तर पुढची सर्व मोजमापे चुकतात. मग पिच मोजण्याच्या साधनाने दोन्ही टोकांना सारखा कोन, नवशिक्यासाठी १० ते ११ अंश, येतो की नाही ते तपासावे. सायक्लिकचा कोन ७ ते ८ अंशांच्या आसपास पुरेसा होतो. मॉडेल रोटरजवळ उचलून ते नाकाकडे किंवा शेपटीकडे कलते का, हे पाहून बॅटरी पुढे-मागे सरकवावी, कारण गुरुत्वमध्य मुख्य दांड्याखालीच असायला हवा.

धातूत बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूवर निळे थ्रेडलॉक, म्हणजे कंपनाने स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव, लावणे अपरिहार्य आहे. दोन्ही पाती वजनाला सारखी असावीत आणि फिरताना बाजूने पाहिल्यास एकाच पातळीत दिसावीत. ती दोन पातळ्यांत दिसत असतील तर एका पात्याचा दुवा अर्धा फेरा फिरवून पातळी जुळवावी. ट्रान्समीटरवर दोन गोष्टी उड्डाणापूर्वीच पक्क्या असाव्यात: संदेश तुटल्यास मोटर थांबवणारी ‘फेलसेफ’ व्यवस्था आणि काठी कोणत्याही ठिकाणी असली तरी मोटर तत्काळ बंद करणारे ‘थ्रॉटल होल्ड’ बटण. कसरतींसाठी मोटारीचा वेग कलेक्टिव्हवर अवलंबून न ठेवता ‘गव्हर्नर’ या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेने स्थिर ठेवतात. नवशिक्याने तो वेग कंपनीच्या सूचनेतील खालच्या मर्यादेवर ठेवावा, कारण रोटर जितका मंद तितके मॉडेल शांत आणि आदळल्यावर होणारे नुकसानही तितके कमी.

सिम्युलेटर आणि स्थितींचा अभ्यास

संगणकावरील सिम्युलेटर हा या छंदाचा पर्यायी नव्हे, तर आवश्यक भाग आहे. खराखुरा ट्रान्समीटर संगणकाला जोडून रियलफ्लाइट किंवा नेक्स्ट यांसारख्या प्रणालीवर सराव केल्यास मॉडेल कितीही वेळा आदळले तरी एक रुपयाही खर्च होत नाही आणि चूक त्याच क्षणी पुन्हा करून सुधारता येते. मात्र सिम्युलेटरवर मन मानेल तशी काठी फिरवून मॉडेल कसेबसे हवेत ठेवणे हा सराव नव्हे. तेथेही ठरलेली कसरत, ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या जागी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा अभ्यास स्थितींचा आहे. मॉडेल सुलटे आणि शेपूट चालकाकडे असताना नियंत्रणे सरळ चालतात. नाक चालकाकडे वळले की एलिव्हेटर आणि एलेरॉन दोन्हींचा परिणाम चालकाच्या दृष्टीने उलटा दिसतो. मॉडेल उलटे आणि शेपूट चालकाकडे असताना मात्र एलेरॉन सरळच राहतो, तर एलिव्हेटर, रडर आणि कलेक्टिव्ह उलटे होतात. आणि उलट्या स्थितीतच नाक चालकाकडे आले की एलिव्हेटर पुन्हा सरळ आणि एलेरॉन उलटा वाटतो. ही यादी पाठ करून उपयोग होत नाही, कारण हवेत विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. प्रत्येक स्थितीत मॉडेल एका जागी मिनिटभर शांतपणे तरंगत ठेवता येईपर्यंत हाताला सवय लावावी लागते. क्रम असा ठेवावा: सुलट्या स्थितीत शेपूट, डावी बाजू, उजवी बाजू आणि नाक चालकाकडे ठेवून तरंगणे, त्यानंतर पुढच्या दिशेने संथ आठचे आकडे, मग याच चार दिशा उलट्या स्थितीत, आणि अखेरीस उलटे व मागे जात घेतलेले आठचे आकडे. दोन्ही बाजूंचे वळण सारखे सोपे होईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण कच्ची राहिलेली बाजू नेमकी अडचणीच्या क्षणीच समोर येते.

आजच्या बहुतेक नियंत्रकांत ‘रेस्क्यू’ नावाची सोय असते. बटण दाबताच नियंत्रक मॉडेलला सपाट करून वर खेचतो. शिकण्याच्या काळात ती जरूर वापरावी, पण जमिनीपासून मीटरभरावर ती वेळेत काम करीलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

एक फ्लिप, जवळून

फ्लिप म्हणजे मॉडेल जागच्या जागी नाकावरून किंवा शेपटीवरून पूर्ण फिरवणे. दिसायला ती एकाच काठीची हालचाल वाटते. प्रत्यक्षात ती कलेक्टिव्हची परीक्षा असते. मॉडेल तरंगत असताना पिच साधारण अधिक ५ अंशांच्या आसपास असतो. फ्लिपपूर्वी तो किंचित वाढवून मॉडेलला वर जाण्याची थोडी गती द्यावी आणि मग एलिव्हेटर मागे ओढावा. नाक वर उठत जाते तसतसा पिच कमी करत आणावा, कारण नाक सरळ आकाशाकडे पोहोचते तेव्हा रोटरची चकती उभी असते आणि त्या क्षणी उरलेला अधिक पिच मॉडेलला उचलत नाही, तर बाजूला फेकतो. तेथे पिच शून्य हवा. पुढे मॉडेल उलटे होताच पिच उणे ५ अंशांच्या आसपास जावा, म्हणजे ते पुन्हा उचलले जाते. नाक खाली येऊन चकती दुसऱ्यांदा उभी झाली की पुन्हा शून्य. आणि मॉडेल सुलटे होताना पिच परत अधिक. एका फेऱ्यात कलेक्टिव्ह अशा चार ठिकाणांतून सलग जातो.

या वर्णनातून दोन व्यावहारिक सूचना निघतात. शेपूट चालकाकडे ठेवून मागची फ्लिप घेतली आणि नाक वर असताना पिच उतरवायला उशीर झाला, तर रोटर मॉडेलला थेट चालकाच्या दिशेने ढकलतो. म्हणून पहिल्या फ्लिप मॉडेल चालकासमोर आडवे ठेवूनच घ्याव्यात. शिवाय, फ्लिपनंतर मॉडेल सुरुवातीच्या जागेपासून सरकलेले असेल तर एलिव्हेटरला दोष न देता चकती उभी असताना पिच कोठे होता हे आधी तपासावे. फ्लिप हळू घेऊन पाहिल्यास ही चूक लगेच समजते. झटक्यात घेतलेली फ्लिप चूक झाकते, म्हणून संथ फ्लिप अवघड आणि शिकण्यासाठी उपयुक्त असते.

पुढच्या कसरती

फ्लिप आणि रोल, म्हणजे लांबीच्या अक्षाभोवती घेतलेला फेरा, पक्के झाल्यावर लूप, स्टॉल टर्न (सरळ वर चढून वेग संपताच नाक वळवून खाली येणे) आणि मागे जात घेतलेले रोल शिकावेत. ‘रेनबो’मध्ये मॉडेल कमानीच्या मार्गाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना फ्लिप घेते आणि कमानीच्या दोन्ही टोकांना क्षणभर स्थिर होते. ‘फनेल’मध्ये ते चकती जवळजवळ उभी ठेवून एका बिंदूभोवती वर्तुळात आडवे धावते आणि एलेरॉन व रडर यांचा मेळ ढळला की वर्तुळ लगेच वाकडे होते.

‘टिकटॉक’ ही कसरत प्रेक्षकांची आवडती आहे. तीत मॉडेलचे नाक वर आणि शेपूट खाली असते. रोटरची चकती उभ्या रेषेच्या एका बाजूला सुमारे ४५ अंश झुकते, तेथे अधिक पिचने तोललेली असतानाच झटक्यात उभ्या रेषेच्या पलीकडे तितकीच झुकवली जाते आणि त्याच क्षणी पिच उणे होतो. प्रत्येक टोकाला रोटर मॉडेलला थोडे वर ढकलतो, म्हणून मॉडेल जागेवर राहते. कलेक्टिव्ह पाव सेकंद मागे पडला तर मॉडेल खाली बसू लागते आणि पिच अवाजवी वाढवला तर रोटरचा वेग पडून आवाज भरडा होतो. अनुभवी चालक हा आवाज ऐकूनच पिच आवरता घेतो.

‘पायरो फ्लिप’ ही बहुतेकांना सर्वांत अवघड वाटणारी कसरत आहे. मॉडेल स्वतःभोवती रडरने सतत गिरक्या घेत असताना त्याच वेळी फ्लिपही घेते. मॉडेलचे नाक गिरकीबरोबर फिरत राहत असल्यामुळे फ्लिपची दिशा अवकाशात स्थिर ठेवायची तर सायक्लिकची काठी गिरकीच्या वेगानेच गोल फिरवावी लागते आणि तिच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर कलेक्टिव्हही वर-खाली करावा लागतो. सुरुवातीला काठीचे वर्तुळ लहान व गिरकी मंद ठेवून हे सिम्युलेटरवर शेकडो वेळा करावे लागते. या सर्वांच्या आधी मात्र ‘ऑटोरोटेशन’ शिकून घ्यावे. मोटर बंद पडल्यावर उणे पिचवर मॉडेल खाली येऊ देऊन रोटरचा वेग टिकवायचा आणि जमिनीजवळ अधिक पिच देऊन साठलेल्या गतीवर मॉडेल अलगद उतरवायचे, अशी ही रीत आहे. बॅटरी किंवा मोटर दगा देते तेव्हा मॉडेल वाचवण्याचा हाच एकमेव मार्ग असतो.

बॅटरी आणि हवामान

कसरतींच्या विद्युत मॉडेलमध्ये लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात. तिच्या एका घटाचा सामान्य दाब ३.७ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. ७०० वर्गातील मॉडेलला असे बारा घट ओळीने जोडलेले लागतात. कसरतींत वीज एवढ्या वेगाने खर्च होते की उड्डाण ४ ते ६ मिनिटांचेच असते. बॅटरीची ८० टक्क्यांहून अधिक क्षमता वापरू नये, म्हणून ट्रान्समीटरवर वेळेचा गजर लावून ठेवावा. चार्जिंग सुरू असताना बॅटरी एकटी सोडू नये, ती न पेटणाऱ्या पेटीत किंवा फरशीवर ठेवून भरावी, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि काही दिवस उड्डाण होणार नसेल तर घटामागे सुमारे ३.८ व्होल्टवर ती साठवावी. उन्हात बंद गाडीत बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे.

हवेची घनता हाही विचारात घेण्याचा भाग आहे. समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा ५ टक्क्यांच्या आसपास विरळ असते आणि मे महिन्यातील दुपारी ती आणखी विरळ होते. अशा वेळी रोटरला तोच जोर निर्माण करण्यासाठी अधिक पिच लागतो आणि मोटार व बॅटरी लवकर तापतात. महाराष्ट्रात हिवाळ्यातील सकाळ शांत वारा आणि थंड हवा यांमुळे सरावाला सर्वांत अनुकूल ठरते.

सुरक्षितता आणि कायदा

१.५८ मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला २१०० फेरे घेत असेल तर पात्याचे टोक सेकंदाला सुमारे १७४ मीटर, म्हणजे ताशी ६२० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात स्वतःचे मॉडेल उडवणारा १९ वर्षांचा तरुण त्याच मॉडेलच्या पात्याचा फटका बसून मरण पावला. त्यामुळे मॉडेलला खेळणे मानू नये. रोटर फिरू लागण्यापूर्वी मॉडेल किमान १० ते १५ मीटर दूर ठेवावे, मोठ्या मॉडेलसाठी हे अंतर आणखी वाढवावे, कसरती स्वतःच्या आणि प्रेक्षकांच्या समोरच्याच बाजूला घ्याव्यात, डोक्यावरून मॉडेल कधीही नेऊ नये आणि नियंत्रण सुटले असे वाटताच मॉडेल वाचवण्याच्या नादी न लागता थ्रॉटल होल्ड दाबावे. उड्डाणानंतर रोटर पूर्ण थांबल्याशिवाय मॉडेलजवळ जाऊ नये.

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले ड्रोन नियम मॉडेल हेलिकॉप्टरच्या मालकालाही माहीत असावे लागतात. त्यांत वजनानुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो आणि २५ किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. मनोरंजनासाठी दृष्टीच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलचा त्यांत स्वतंत्र उल्लेख आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल असे क्षेत्र दाखवलेले असते. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही, तर विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. वर्ग, नोंदणी आणि परवाना यांच्या चालू तरतुदी मैदान ठरवण्यापूर्वी तपासाव्यात. मुंबई पोलिस सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी ड्रोन व रिमोटवर चालणाऱ्या हलक्या विमानांना मनाई करणारे आदेश काढतात, त्यामुळे शहरात उडवण्याचा विचार करणाऱ्याने ते पाहणे गरजेचे आहे. पीक निघालेले शेत मालकाच्या परवानगीने मिळाले तर ते उत्तम मैदान ठरते, मात्र विजेच्या तारा आणि चरणारी जनावरे जवळ नाहीत याची खात्री करावी. विद्यार्थ्यांना एनसीसीच्या हवाई विभागातील एरोमॉडेलिंगमधून या क्षेत्राची ओळख होऊ शकते.

सरावाची शिस्त

प्रगती संथ वाटते तेव्हा नवशिका कसरती झटपट बदलत जातो आणि एकही पक्की होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक सत्रासाठी एकच उद्दिष्ट ठरवावे, त्यातील पहिली बॅटरी आधी येत असलेल्या गोष्टींच्या उजळणीसाठी ठेवावी आणि नवी कसरत नेहमी दोन-तीन चुका सावरता येतील इतक्या उंचीवर सुरू करावी. उंची हळूहळू कमी करणे हा कसरत पक्की झाल्यावरचा टप्पा आहे, ती शिकण्याची रीत नाही. आदळल्यानंतर तुटलेले भाग बदलण्याआधी चूक कोणत्या क्षणी झाली याची नोंद वहीत करावी आणि तीच स्थिती सिम्युलेटरवर सोडवावी, म्हणजे दुरुस्तीचा खर्च वाया जात नाही.

एखादी कसरत आपल्याला आली की नाही, याची कसोटी तिच्या वेगात किंवा ती किती खाली घेतली यात शोधू नये. तिच्या मध्यावर, मॉडेल कोणत्याही कोनात असताना, ती थांबवून मॉडेल त्याच जागी तरंगत ठेवता आले तर ती कसरत चालकाच्या ताब्यात आहे असे समजावे. थांबवता येत नसेल, तर ती अजून यंत्राच्या ताब्यात आहे आणि सराव तेथूनच पुढे चालू ठेवावा.